गाव माळावर जायचं तेव्हा

घरात मेलेला उंदीर दिसला की तो चिमट्यानं उचलून गोवऱ्यांवर जाळायचा आणि त्याच दिवशी आवराआवरीला लागायचं, असा प्लेगच्या काळात आमच्या पुरंदर तालुक्यात रिवाज होता. ‘उंदीर पडला’ एवढं कुणी बोललं की पुढचं सांगावं लागत नसे. बाभळीच्या मेढी रोवल्या जात, बाजरीचं सरमाड आणि तुराट्या बांधून कूड उभे राहत, वर कडबा नाहीतर पाचट पडे आणि दोन-चार दिवसांत अख्खं गाव आपापल्या रानात जाऊन बसे. ज्यांना रान नव्हतं ते गायरानात जात. गुरव तेवढा सकाळी देवाला पाणी घालायला गावात येई आणि आल्या पावली परत फिरे. बाकी गावात दिवसाढवळ्या शुकशुकाट.

हे मला थोरल्या आईंनी सांगितलं. थोरल्या आई म्हणजे माझ्या यजमानांची आजी. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. मी आरोग्य सेविका, उपकेंद्रात नोकरीला. संध्याकाळी लसीची पेटी घेऊन घरी आले की त्या पेटीकडं बघत बसायच्या आणि मग बोलायला लागायच्या. त्या नवी नवरी म्हणून सासरी आल्या त्या साली थंडीत उंदीर पडला. सगळी निघाली. घरात त्यांच्या आजेसासूबाई होत्या, डोळ्यांनी आंधळ्या, पायांनी अधू. म्हातारी म्हणाली, “मला हितंच ऱ्हाऊ द्या. माझं आता किती दिस राह्यलं? भाकर-पाणी ठिवा आन् जावा.”

त्यावर थोरल्या आईंचे सासरे जे बोलले ते त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं. “ती ऱ्हायली तर तिला भाकर द्यायला रोज कुणीतरी घरात शिरणार. जो शिरंल त्यो गाठ घिऊन माळावर येणार. न्यायचं तर म्हातारीसकट, न्हाईतर कुणीच जायाचं न्हाई.” मग बाजेला दोन वासे बांधले, चौघांनी खांदा दिला आणि म्हातारी माळावर गेली. चैतापर्यंत ती तिथंच होती. परत गावात आली आणि पुढं तीन-चार वर्षं जगली.

साथीच्या रोगांचं शिक्षण मी सरकारी वर्गांमध्ये घेतलं, पुढं नव्या मुलींना दिलंही. म्हाताऱ्या माणसाला मागं ठेवून बाकीच्यांचा जीव वाचवता येत नाही, हे मला कुठल्या पुस्तकानं इतकं नेमकं सांगितलं नव्हतं. सगळीकडं असंच घडत होतं, असं मात्र नाही. शेजारच्या आळीत एका आजोबांना घागरभर पाणी आणि भाकऱ्यांची चवड ठेवून घरची माणसं निघून गेली होती. नातीला राहवलं नाही म्हणून ती रोज चोरून जायची. तिला जांघेत गाठ आली. थोरल्या आईंनी त्या घराचं नाव मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

माळावर जाण्याचा हा रिवाज फार जुना असेल, असं मला वाटायचं. वाचायला लागले तेव्हा कळलं की निदान प्लेगापुरता तो लोकांच्या अंगवळणी पडायला काही वर्षं जावी लागली, आणि ती वर्षं फार वाईट होती.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या त्या दाट वस्तीत, डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी पहिले रुग्ण ओळखले. ६ ऑक्टोबरला म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी हुकूम काढला: रुग्णाला गरज पडल्यास जबरदस्तीनं इस्पितळात न्यायचं, घर धुऊन काढायचं, माणसं वेगळी करायची. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावानं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी हुकूम सैल करावा लागला. तोवर मुंबई रिकामी व्हायला सुरुवात झाली होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मं शहर बोरीबंदरावरून, बंदरातून, पायी, मिळेल त्या वाटेनं बाहेर पडलं होतं. त्या माणसांबरोबर आणि त्यांच्या गाठोड्यांबरोबर प्लेगही देशावर आणि कोकणात उतरला. आर्थर रोडचं ते इस्पितळ म्हणजे आजचं कस्तुरबा रुग्णालय. २०२० साली मुंबईतले पहिले कोरोना रुग्ण तिथंच दाखल झाले.

४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा. पुण्यात रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या प्लेग कमिटीनं तो कसा राबवला हे आपण शाळेत शिकतो. गोरे सोजीर घरात शिरले, देवघरापर्यंत गेले, बायकांना चारचौघांत तपासलं, सामान जाळलं. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांना गोळ्या घातल्या. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. हे सगळं आपण राजकारणाचं प्रकरण म्हणून वाचतो आणि ते तसं आहेच. मी जन्मभर लोकांच्या उंबऱ्यावर उभी राहिलेली बाई. मला त्यात दारातलं दृश्य दिसतं. आजारी माणूस संगमाजवळच्या इस्पितळात, घरची बाकी माणसं स्वारगेटकडच्या छावणीत. म्हाताऱ्या आईला ताप असेल तर ती एकटी गाडीत चढणार. तिची भाषा कळणारं, तिला कुठलं पाणी चालतं, कुठलं नाही हे माहीत असणारं, रात्री तिला उठवून बसवणारं कुणी बरोबर नाही. मेली तर तोंडात पाणी कुणी घातलं हेही कळणार नाही.

म्हणून लोक लपवायला लागले. माळ्यावर, धान्याच्या थप्प्यांमागं, मागच्या कोठीत. रुग्ण लपवले, काही ठिकाणी प्रेतंही लपवली. लपवणाऱ्यांना सरकारी कागदांत अडाणी म्हटलं आहे. त्यांनी रोग वाढवला यात शंका नाही. पण ज्या माणसाला आपण आईपासून तोडणार आहोत, तो आपल्याला खरं सांगेल अशी अपेक्षा करणं हाही अडाणीपणाच होता, आणि तो शिकलेल्यांचा होता.

दोन वर्षांत सरकार थोडं शहाणं झालं. ९ मार्च १८९८ ला मुंबईच्या मदनपुऱ्यात एका विणकराच्या आजारी मुलीच्या तपासणीवरून मोठा दंगा झाला, माणसं मेली. त्यानंतर जबरदस्ती हळूहळू मागं पडत गेली. जातीजातींची, समाजासमाजाची इस्पितळं उघडायला परवानगी मिळाली. तिथं घरचं माणूस रुग्णाजवळ थांबू शके, आपल्या हातचं खायला देऊ शके. पुण्यात टिळकांनी हिंदू प्लेग इस्पितळ १८९७ मध्येच उभं केलं होतं. पुढारी म्हणवणारे कितीतरी जण शहर सोडून गेले होते, टिळक राहिले, आणि निघून गेलेल्यांवर त्यांनी ‘केसरी’तून कोरडे ओढले. ही इस्पितळं जातीच्या भिंतींतच उभी होती आणि त्या भिंती मला सलतात. तरी ज्या घरांनी सरकारी गाडीपासून रुग्ण लपवला, त्यातल्या कितीतरी घरांनी या इस्पितळात तो स्वतःच्या पायांनी आणून सोडला, हेही खरं.

गाव सोडायला लोक राजी झाले तेही सगळ्यांनी एकत्र जायचं ठरल्यावर. अधिकाऱ्यांनी आधी बंदोबस्तात गावं हलवून बघितली. मग लोकांच्या लक्षात आलं की माळावर गेलेली माणसं वाचतात. त्यामागचं कारण तेव्हा विद्वानांनाही नीट ठाऊक नव्हतं. हाँगकाँगमध्ये १८९४ साली येर्सिन यांना प्लेगाचा जंतू सापडला होता, पण तो माणसात शिरतो कसा यावर वाद चालू होता. जमिनीतून, हवेतून, घाणीतून अशी नाना मतं होती. म्हणून घरं खणली, भिंतींना चुना दिला, ऊन आत यावं म्हणून कौलं उतरवली, फिनेल ओतलं, मुंबईत घरांवर ‘यू. एच. एच.’ अशी अक्षरं रंगवली. म्हणजे माणसांनी राहायला नालायक. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरानं उंदरावरची पिसू हेच वाहन असल्याचं दाखवलं. पुष्कळांनी ते मानलं नाही.

पटलं ते पुढं, परळच्या प्रयोगशाळेतून. हीच आज हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. प्लेगाची लस मुंबईत तयार करून १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांचं नाव तिला पुढं मिळालं. १९०५ नंतर तिथल्या संशोधकांनी मुंबईत प्लेगानं बंद पडलेल्या घरांमध्ये पिंजऱ्यात गिनीपिग ठेवले. काही पिंजरे उघडे, तर काहींना बारीक जाळी नाहीतर भोवती चिकट कागद, म्हणजे पिसवा उडी मारून आत पोचू नयेत. हवा तीच, जमीन तीच, खोली तीच. उघड्या पिंजऱ्यातले प्राणी प्लेगानं मेले, जाळीतले वाचले.

आमच्या गावानं उंदीर पडल्यावर घर का सोडावं आणि मधूनमधून परत का येऊ नये, याचं उत्तर त्या पिंजऱ्यांत होतं. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या भुकेल्या पिसवा दुसरं गरम अंग शोधतात. मागं राहिलेली आंधळी म्हातारी त्यांना सापडली असती, आणि तिला भाकर द्यायला येणारी सूनही. थोरल्या आईंच्या सासऱ्यांना पिसवेचं काही माहीत नव्हतं. त्यांनी माणसांची ये-जा ओळखली होती. म्हातारी असेल तिथं कुणीतरी जाणारच, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. ज्या घरात ते गृहीत नसेल त्या घरासाठी कुठलाही नियम बनवून उपयोग नाही.

प्लेगाच्या इतिहासात मला सर्वांत जवळचं वाटणारं माणूस मात्र वाचवलं गेलेलं नाही, वाचवायला गेलेलं आहे. सावित्रीबाई फुले. त्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा. म्हणजे पुण्यात प्लेग आला तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या. जोतीराव जाऊन सहा वर्षं झाली होती. या सहा वर्षांत त्या घरात बसल्या नव्हत्या. सत्यशोधक समाजाचं काम त्यांनी चालवलं. १८९३ मध्ये आमच्या सासवडला समाजाची परिषद भरली तिच्या त्या अध्यक्ष होत्या. जोतीरावांचं खानवडीही आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळं इथल्या बायका त्यांच्याबद्दल घरातल्या माणसासारखं बोलतात.

मुलगा यशवंत डॉक्टर, लष्करात नोकरीला. सावित्रीबाईंनी त्याला बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर त्यांनी दवाखाना उघडला. पुन्हा माळच. गावापासून दूर, उघड्या हवेत, आणि सगळ्या जातींसाठी. रुग्णांना आणायचं काम सावित्रीबाईंचं. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग गायकवाड नावाचा मुलगा प्लेगानं पडला आहे असं कळल्यावर त्या गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा वाचला. त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

मुंढवा ते हडपसरचा माळ हे अंतर मी बसनं आणि स्कूटरवरून पुष्कळदा गेले आहे. पाठीवर तापानं फणफणलेलं मूल आणि आपलं वय सासष्ट. नर्सिंगच्या वर्गात रुग्ण उचलायचे धडे देतात: गुडघे वाकवा, कंबर सरळ ठेवा, रुग्णाचं वजन अंगाजवळ घ्या. पाठीवर घेतलेलं मूल मानेशी श्वास सोडतं. संसर्गाच्या दृष्टीनं याहून वाईट जागा नाही. हातमोजे नाहीत, तोंडाला काही नाही. आज आपण त्यांच्या प्रतिमेला हार घालतो तेव्हा शाळेत जाताना अंगावर शेण झेललेली तरुण बाई डोळ्यांपुढं असते. मला ही सासष्ट वर्षांची बाईही डोळ्यांपुढं असावीशी वाटते. साथीत म्हाताऱ्या माणसांचं काय करायचं, अशी चर्चा सुरू झाली की त्यात म्हाताऱ्यांनी काय केलं हा भाग येतच नाही.

प्लेग पुढं वीस-पंचवीस वर्षं येत-जात राहिला. हिंदुस्थानात सुमारे एक कोटी माणसं त्यात गेली. तो ओसरत असतानाच १९१८ चा इन्फ्लुएंझा आला. आमच्याकडं त्याचं नाव मानमोडी. जूनमध्ये मुंबईत दिसला, पहिल्या फेरीत सौम्य वाटला. सप्टेंबर-ऑक्टोबरमधली दुसरी फेरी भयंकर होती. त्यात पाऊस दगा देऊन गेलेला, धान्य महाग. देशभरात सव्वा कोटीच्या आसपास माणसं गेल्याचा सरकारी अंदाज होता, नंतरच्या अभ्यासकांनी तो आणखी वर नेला. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या घटली. जनगणना सुरू झाल्यापासून असं एकदाच घडलं.

मानमोडीला माळाचा इलाज चालला नाही, कारण हा रोग उंदराबरोबर मागं राहत नव्हता, माणसाच्या श्वासाबरोबर झोपडीत येत होता. आणि त्यानं निवडली ती वीस ते चाळीस वयातली माणसं. बायका पुरुषांपेक्षाही जास्त गेल्या. आजाऱ्याच्या उशाशी बसायचं काम त्यांचंच. मुंबईत नारायण मल्हार जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगचे स्वयंसेवक चाळीचाळींतून औषध आणि दूध घेऊन फिरत होते. आमच्या खेड्यात तसं कुणी पोचलं नाही.

काही वर्षांपूर्वी पुतण्याच्या जातीच्या दाखल्यासाठी मी त्याच्याबरोबर तहसील कचेरीत गेले होते. तिथं जुनं गाव नमुना चौदा, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, ते काढलं. जन्म-मृत्यूच्या नोंदी, सगळ्या मोडीत. मोडी वाचणाऱ्या गृहस्थांचं बोट फक्त जातीच्या रकान्यावरून खाली उतरत होतं, कारण सगळे त्यासाठीच येतात. पानं उलटता उलटता एका ठिकाणी नोंदी एकाएकी दाट झाल्या. मी विचारलं, हा कुठला महिना? ऑक्टोबर १९१८. मी म्हटलं, मला जरा कारणाचा रकाना वाचून दाखवा. ते वाचू लागले: ताप. ताप. ताप. ताप. मग वयं विचारली. पंचवीस, तीस, बावीस, अठ्ठावीस. एका घरात नवरा, बायको आणि तान्हं मूल दोन दिवसांत. त्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला आणि पुढचं पान उलटलं.

त्या पानांवर जी माणसं नाहीत, ती मी नंतर मनात भरत गेले. आई-बाप गेल्यावर राहिलेली पोरं कुणी वाढवली? साठी-सत्तरीच्या आज्या-आजोबांनी. मोट त्यांनी हाकली, सारा त्यांनी भरला, नातींची लग्नं त्यांनी लावली. आमच्या गावात तीन आडनावांची घराणी अशी एकेका म्हातारीच्या जिवावर टिकली आहेत. थोरल्या आई सांगायच्या, “मानमोडीत शिवार म्हाताऱ्यांनी पेरलं.” या म्हाताऱ्या प्लेगात माळावर नेलेल्यांपैकीच होत्या. दहा-वीस वर्षं आधी त्यांना घागर भरून मागं ठेवलं असतं तर १९१८ नंतर त्या पोरांना भाकरी थापून देणारं कुणी उरलं नसतं.

तरी असा हिशेब मांडायला मला मनापासून आवडत नाही. पुढं उपयोगी पडेल म्हणून म्हाताऱ्या माणसाला जपायचं, हा विचार थोरल्या आईंच्या सासऱ्यांच्या डोक्यात नव्हता. बाजेवरून नेलेली ती आंधळी म्हातारी कुणाच्याच उपयोगाची नव्हती. तिचं सगळं दुसऱ्यांना करावं लागे. ती घरातली होती, एवढं पुरेसं होतं.

१९९४ मध्ये किल्लारीच्या भूकंपानंतर वर्षाच्या आत बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगाचे रुग्ण आढळले आणि पाठोपाठ सुरत हादरली. भूकंपाच्या भीतीनं रिकाम्या पडलेल्या घरांत धान्य राहिलं आणि उंदीर वाढले, असं तेव्हा सांगितलं गेलं. सुरतेतून लाखो माणसं पळाली, त्यांत यंत्रमागावर काम करणारे आपले खानदेशी कामगारही होते. आम्हाला तेव्हा टेट्रासायक्लिनच्या गोळ्या आणि सर्वेक्षणाचे तक्ते मिळाले. साथ लवकर आटोक्यात आली. गावात मात्र म्हाताऱ्यांनी आपणहून विचारलं, “माळावर जायाचं का, बाई?” त्यांना बालपण आठवलं होतं.

आणि मग २०२०. ९ मार्चला पुण्यात महाराष्ट्रातले पहिले दोन रुग्ण सापडले. दुसऱ्या दिवशी १० मार्च, सावित्रीबाईंचा स्मृतिदिन. आरोग्य केंद्रात प्रतिमेला हार घालताना आम्ही सगळ्या त्याच बातमीबद्दल बोलत होतो. १३ मार्चला राज्यात तोच १८९७ चा कायदा लागू झाला. माझी नोकरी तेव्हा संपत आली होती.

हा रोग मानमोडीच्या उलटा. तरुणांना खोकला येऊन जात होता, म्हातारी माणसं जात होती. महिनाअखेरीस मुंबई-पुण्याची पोरं गावाकडं निघाली. काही गावांनी वेशीवर बाभळीच्या काट्या टाकल्या. मला ते आवडलं नाही, आजही आवडत नाही. पोटच्या पोराला काटा लावणं ही जबाबदारी नव्हे. पण आमच्या वाडीवर एका घरानं जे केलं ते मी मुद्दाम बघायला गेले, आणि नंतर प्रत्येक घरी सांगत सुटले.

मुलगा मुंबईत टॅक्सी चालवणारा. रात्री बायको-मुलासह आला. घरात वडील, दम्याचे जुने पेशंट, आणि सत्तरीची आई. मुलगा घरात शिरलाच नाही. रानात विहिरीजवळ मोटारीची खोली होती आणि तिला लागून गोठा. तिघं तिथं राहिली. आई सकाळी डबा घेऊन बांधापर्यंत यायची, दगडावर ठेवायची, हाक मारायची आणि मागं फिरायची. सून येऊन डबा न्यायची, विहिरीच्या पाण्यानं राखेनं घासून उन्हात पालथा घालायची. वडील संध्याकाळी काठी टेकत बांधाच्या अलीकडं येऊन बसायचे. पंधरा-वीस हातांवरून नातवाशी बोलणं चालायचं. कांद्याला पाणी किती दिलं, शेळी व्याली का, मुंबईत गाड्या चालू झाल्या का. दोन आठवडे असं चाललं. मुलाला दोन दिवस कणकण आली, ती गेली. वडिलांना काही झालं नाही.

रिवाज तोच, दिशा उलटी. प्लेगात म्हातारीला खांद्यावर घेऊन गाव माळावर गेलं होतं. आता घर म्हाताऱ्यांसाठी सोडून तरुण माळावर गेले. त्या मुलाला कुणी कायदा दाखवला नव्हता. हातावर ‘होम क्वारंटाईन’चा शिक्का मारणारं कुणी तेव्हा वाडीवर पोचलंही नव्हतं. मी विचारलं, तुला हे कुणी सुचवलं? म्हणाला, “आण्णांचा दमा ठाऊक हाय की मला.”

सगळीकडं असं नव्हतं, हे मी जाणते. लग्नं झाली, दशक्रियेला शंभर माणसं जमली, तोंडावरचा मास्क हनुवटीवर आला. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आम्ही आशाताईंबरोबर ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरलो. काही घरांत म्हातारं माणूस आतल्या खोलीत धापा टाकत असे आणि दारातला मुलगा म्हणे, “घरात सगळी चांगली हायेत.” तो खोटं का बोलतो हे मला कळत होतं. आईला एकटीला नेतील, आणि मग प्लास्टिकात बांधलेली देतील, किंवा देणारच नाहीत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची तीच भीती. जिथं आम्ही मुलाला फोनवरून आईशी रोज बोलायला मिळेल याची सोय लावून दिली, तिथं तो स्वतः आईला गाडीत बसवायला पुढं आला.

सर्वांत जास्त राग मला एका वाक्याचा आला. शिकलेल्यांकडूनही ऐकलं, अगदी एका दवाखान्याच्या दारात रिकामी खाट विचारताना ऐकलं: “वय झालेलंच होतं.” किंवा, “शुगर होतीच ना आधी.” साखर असलेली सत्तरीची बाई गोळ्या घेत, बाजार करत आणखी दहा वर्षं जगते. माझ्या रजिस्टरात अशा कितीतरी होत्या. तिचं जे आयुष्य बाकी होतं ते तिचं होतं. ते तिच्याकडून कुणाच्या तरी वरातीनं, कुणाच्या तरी निष्काळजीपणानं काढून घेतलं, आणि आपण म्हणायचं वय झालं होतं?

१ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली. लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत म्हाताऱ्यांना बसवून केंद्रावर आणत. एका आजींना चालता येईना, तर नातवंडांनी प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून आणलं. टोचताना मी त्यांना थोरल्या आईंच्या आजेसासूबाईंची गोष्ट सांगितली. “चौघांनी नेली का?” त्या म्हणाल्या. “मला दोघांनी आणली. पोरं ताकदीची हायेत.”

निवृत्त झाल्यावर एक काम हाती घेतलं आहे. ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदीत त्या दोन वर्षांतल्या पुष्कळ नावांपुढं कारण म्हणून वृद्धापकाळ लिहिलं आहे. घरच्यांनी तसं सांगितलं, भीतीपोटी, आणि लिहिणाऱ्यानं तसं लिहिलं. कोतवाल बुकातल्या ‘ताप’ या शब्दानं निदान साथीचा माग तरी लागतो, ‘वृद्धापकाळ’ या शब्दानं तोही लागत नाही. म्हणून मी एका वहीत साठीच्या पुढची, त्या दोन वर्षांत गेलेली माणसं घरोघर विचारून लिहिते आहे. नाव, वय, किती दिवस ताप होता, धाप लागली होती का, शेवटी जवळ कोण होतं, आणि ते माणूस काय करायचं. एक जण पंचक्रोशीत बैलांचे खूर बघायचे. एक जणी जात्यावरच्या ओव्या सांगायच्या. एक जण काहीच करत नसत, पारावर बसून असत, तेही तसंच लिहिलं आहे. ग्रामसेवकांना वही दाखवली तेव्हा ते म्हणाले, सरकारी नोंद बदलायला डॉक्टरचा कागद लागेल. मी म्हटलं, ती बदलू नका, ही वही तिच्याशेजारी ठेवा. ते तयार झाले आहेत. खालची आळी आणि वाड्या लिहून झाल्या. वरच्या आळीतली घरं राहिली आहेत. कांदा काढणी चालू आहे, त्यामुळं दिवसा कुणी भेटत नाही, म्हणून संध्याकाळी जाते.